धूर थोडा, धुके जास्त : स्मोक मशीन आणि हेझर आठ महिने वापरल्यानंतर

तुळशीचे लग्न लागले की आमचा हंगाम सुरू होतो. गेल्या हंगामात नाशिक आणि आसपासच्या संगीत-हळदीला, वाढदिवसांना आणि कंपन्यांच्या पार्ट्यांना आमच्या फिरत्या डिस्कोबरोबर दोन यंत्रे नेली : १५०० वॉटचे स्मोक मशीन आणि पाण्यावर आधारित लिक्विडवर चालणारा हेझर. स्मोक मशीन हौसेने घेतले होते. हेझर एका मित्राने फारच गळ घातली म्हणून. आज टेम्पोत एकाचीच जागा असेल तर मी हेझर उचलेन, आणि कार्यक्रम उघड्या लॉन्सवर असेल तर दोन्ही गोदामातच ठेवीन.

दोन्ही यंत्रांत मूळ क्रिया एकच आहे. ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन मिसळलेले पाणी तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून जाते, त्याची वाफ होते आणि बाहेरच्या हवेत थंड होताच तिचे बारीक थेंब दिसू लागतात. स्मोक मशीन हे सारे एका फवाऱ्यात करते, म्हणून दाट लोट येतो आणि थोड्या वेळात विरतो. हेझर मात्र अगदी थोडे लिक्विड वापरतो आणि पंख्याने ते सतत हवेत पसरवत राहतो. त्या विरळ धुक्याकडे लक्ष जात नाही, पण शार्पी (अरुंद, प्रखर झोताचा फिरता दिवा) पेटवली की तिचा झोत छतापर्यंत दांड्यासारखा उभा दिसतो. हेझर नसताना त्याच शार्पीचा भिंतीवर पडलेला गोल तेवढा दिसायचा, आणि एवढे दिवे लावून उपयोग काय, असे गिऱ्हाईक तोंडावर विचारायचे.

जागेचा फरक यंत्राच्या फरकापेक्षा मोठा आहे, हे मला उशिरा कळले. बंद हॉलमध्ये पाहुणे येण्याआधी अर्धा तास हेझर सुरू केला, तर पहिल्या गाण्यापर्यंत हवा तयार होते. नंतर पंखा मंद ठेवून थोडेथोडे सोडत राहणे पुरते. एसीची हवा ज्या बाजूने आत येते तिथे हेझर ठेवावा. ती ज्या जाळीतून परत खेचली जाते तिथे ठेवल्यास अर्धे लिक्विड एसीच्या पोटात जाते. गंगापूर रोडच्या लॉन्सवर मात्र संध्याकाळी वारा सुटला की काहीच चालत नाही. स्टेजवर सोडलेला धूर जेवणाच्या मंडपात जातो आणि बुंदीच्या ताटावरून थेट तक्रार येते. डिसेंबरातल्या एक-दोन गारठलेल्या, वारा पडलेल्या रात्री उघड्यावरही धुके टिकले, पण तेवढ्या भरवशावर भाडे लावता येत नाही.

स्मोक मशीनचा खरा दोष त्याच्या वेळेत आहे. चालू केल्यावर तापायला पाच-सात मिनिटे लागतात, आणि मोठा फवारा सोडला की ठोकळा थंड होऊन ते पुन्हा थांबते. जानेवारीत एका लग्नात नवरीची एंट्री सुरू झाली, मी रिमोट दाबला आणि काहीच झाले नाही, कारण दोनच मिनिटांपूर्वी मुलांच्या आग्रहाखातर मी लोट सोडला होता. आता एंट्रीच्या आधी रिमोट खिशात ठेवतो आणि मशीनवरचा तयार असल्याचा दिवा पाहिल्याशिवाय निवेदकाला खूण करत नाही. विजेचेही तसेच आहे : १५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर, म्हणजे साध्या छोट्या प्लगच्या कुवतीपलीकडे. त्यासाठी पॉवर प्लगच मागावा आणि त्या लाइनवर अँप्लिफायर लावू नये.

सर्वांत महाग धडा लिक्विडचा. आमच्या मदतनिसाने कॅन पुरेनासा झाला म्हणून लॉन्सच्या बोअरचे पाणी टाकीत ओतले. दोन कार्यक्रम निभावले. तिसऱ्यात मशीन गुरगुरू लागले आणि धुराऐवजी गरम थेंब थुंकू लागले. उघडून पाहिले तर नोझलच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा थर, माठाच्या तळाशी जमतो तसा. व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी घालून ते सोडवता सोडवता दोन दिवस गेले. तेव्हापासून दोन्ही यंत्रांचे कॅन वेगळे ठेवतो, कारण हेझरचे लिक्विड स्मोक मशीनला चालत नाही आणि स्मोकचे हेझरला तर मुळीच नाही.

हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये बुकिंगच्या वेळीच धुराच्या अलार्मची चौकशी करावी. प्रकाशावर चालणाऱ्या डिटेक्टरला आगीचा धूर आणि आपले धुके यांतला फरक कळत नाही. पहिल्याच महिन्यात एकदा भोंगा वाजून अर्धा हॉल बाहेर आला होता. आता व्यवस्थापकाकडून त्या हॉलपुरता अलार्म तात्पुरता बंद करून घेतो, तिथे माणूस उभा करतो आणि कार्यक्रम संपताच अलार्म पुन्हा चालू झाल्याची खात्री करूनच सामान आवरतो. दम्याचे आजोबा-आजी पुढच्या रांगेत असतील तर धूर सोडतच नाही. दाट धूर एंट्रीपुरताच सोडायचा, असा फोटोग्राफरशी करार असतो, नाहीतर त्याच्या अल्बमात नवरा-नवरी नुसत्या आकृत्या होतात. आणि गुळगुळीत फरशीवर नोझलसमोर पडणारा चिकट ओलावा दर तासाला पुसावा लागतो. नाचणाऱ्यांच्या पायाखाली तो तेलासारखा लागतो.

ढगांत चालण्याचा देखावा हवा, अशी मागणी दर दुसऱ्या गिऱ्हाइकाची असते. गरम धूर वर जातो, जमिनीवर पसरत नाही. त्यासाठी उणे ७८.५ अंशांचा ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, लागतो आणि त्याचा वायू जमिनीलगत साठत असल्याने बंद खोलीत तो मी वापरत नाही.

पावसाळ्यापूर्वी दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या, डिस्टिल्ड पाणी चालवून वाफ स्वच्छ येईपर्यंत थांबलो आणि यंत्रे आडवी न ठेवता उभ्या खोक्यांत बंद केली. हेझरच्या पंख्याची जाळी अजून पुसायची राहिली आहे. तिच्यावर आठ महिन्यांची गुलालाची लाली बसली आहे.