जर्मन मेनूकार्डाचे इंग्रजी: एका अनुवादसेवेचा अनुभव

श्टुटगार्टजवळच्या ज्या छोट्या गास्टहोफचा (खाण्याची आणि मुक्कामाची सोय असलेल्या घरगुती हॉटेलचा) पत्रव्यवहार मी सांभाळते, तिथले मेनूकार्ड आणि माहितीपत्रक आम्ही या वसंतात एका अनुवादसंस्थेकडून इंग्रजीत करून घेतले. जुने इंग्रजी कार्ड शब्दकोश समोर ठेवून उतरवलेले होते. ‘गुटब्युर्गरलिशं क्युशं’ म्हणजे साधे, पोटभरीचे, पारंपरिक जेवण. त्याचे तिथे ‘गुड बुर्ज्वा कुझीन’, म्हणजे चांगले मध्यमवर्गीय जेवण, झाले होते. शब्दांचे अर्थ बरोबर असूनही इंग्रजी पाहुणे अशा ओळींपाशी अडखळत असत.

काम हाती घेण्याआधी अनुवादिकेने प्रत्येक पदार्थाचे छायाचित्र आणि साहित्य मागवले, आणि तिथेच माझा विश्वास बसला. ‘फाल्शर हाझं’ म्हणजे शब्दशः खोटा ससा, पण ताटात येतो तो खिम्याचा भाजलेला लोफ. त्याला तिने सरळ मीटलोफ म्हटले. ‘माउलटाशन’ला मात्र तिने हात लावला नाही. नैर्ऋत्य जर्मनीतल्या श्वाबिया प्रदेशाच्या या सारण भरलेल्या पास्त्याच्या नावाला २००९ पासून युरोपीय संघात भौगोलिक संरक्षण आहे. ते नाव तसेच ठेवून तिने खाली सारणाची माहिती देणारी एक ओळ जोडली.

खरी कसोटी जाहिरातीच्या वाक्यांत होती. जर्मन माहितीपत्रक पाहुण्याला ‘व्हिअर फेरव्योनन झी’, म्हणजे आम्ही तुमचे लाड करू, असे सांगते. इंग्रजीत ‘वुई स्पॉइल यू’ हे अवघडल्यासारखे वाटते, म्हणून तिने कर्ताच बदलला आणि पाहुण्याला ‘ट्रीट युअरसेल्फ’ असे आमंत्रण दिले. ‘गेनुस पुअर’ (निर्भेळ आनंद) हे शब्द तिने गाळूनच टाकले आणि समासात कारण लिहिले: इंग्रजी वाचकाला निर्भेळ आनंदाची घोषणा नको असते, काय कुरकुरीत आहे आणि काय मंद आचेवर शिजले आहे, ते त्याला हवे असते. ‘हेर्त्सहाफ्ट’ला शब्दकोश ‘हार्टी’, म्हणजे पोटभरीचे, म्हणतो, परंतु गोड पॅनकेकच्या शेजारी तो शब्द आला की त्याचा अर्थ ‘सेव्हरी’, म्हणजे आपले ‘तिखटामिठाचे’, एवढाच होतो. मराठी घरात हा भेद रोजचा असल्यामुळे मला तो लगेच कळला. आमच्या मालकिणीला पटायला दोन दिवस लागले.

अनुवादाच्या शुल्काचा दर ५५ अक्षरांची एक प्रमाण ओळ धरून, ओळीमागे ठरलेला होता. जर्मनीत ही पद्धत रूढ आहे आणि मला तो वाजवी वाटला. वेळेबाबत मात्र निराशा झाली: पांढऱ्या ॲस्परॅगसचा हंगाम परंपरेने २४ जूनला संपतो, आणि आमचे ॲस्परॅगसचे पान जूनच्या पहिल्या आठवड्यात हाती आले.

त्याहून गंभीर उणीव वेगळी आहे. युरोपीय नियमांप्रमाणे जाहीर कराव्या लागणाऱ्या १४ ॲलर्जीकारक घटकांची यादी जाहिरातीच्या मजकुरात मोडत नाही, असे म्हणून संस्थेने ती वगळली. पाहुण्याच्या जिवाशी संबंध असलेली तेवढी यादी मला स्वतः, पुन्हा पुन्हा ताडून, इंग्रजीत करावी लागली. शरद ऋतूचे कार्ड आम्ही त्याच अनुवादिकेकडे सोपवणार आहोत. ही यादी आणि पोहोचवण्याची तारीख या वेळी करारातच लिहिली आहे.