कुडाळातला रविवारचा फार्माकोलॉजी क्लास: जावं की नाही?

पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच.

मी सिंधुदुर्गातच बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या अभ्यासक्रमात फार्माकोलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन सेमिस्टरना विभागून येते, आणि बहुतेक मुली याच विषयात गटांगळ्या खातात. आमच्या बॅचमधल्या एकीने या क्लासचं नाव काढलं, म्हणून जायला लागले. क्लासला पाटी नाही, जाहिरात नाही. बाजारपेठेत खाजं-लाडवांच्या दुकानाच्या वर एक खोली आहे, तिथे एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर दर रविवारी दहा ते एक शिकवतात. त्यांनी उभी हयात सरकारी दवाखान्यांत काढली. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो, त्या आम्हाला सरसकट 'गो' म्हणतात. दोन मुलगे आहेत बॅचमध्ये, त्यांना 'रे'. फी महिन्याला आठशे. नोट्सच्या झेरॉक्सचे पैसे वेगळे, आणि त्या झेरॉक्सवर मी नंतर बोलणार आहे.

पहिल्या तासाला वही उघडायचीच नसते. मॅडम एक मोठा पत्र्याचा डबा टेबलावर उपडा करतात. त्यात इंजेक्शनची रिकामी अँप्यूल्स (मान मोडून उघडायच्या काचेच्या कुप्या), व्हायल्स (रबरी बुचाच्या बाटल्या), गोळ्यांची पाकिटं, सिरपच्या बाटल्या, सगळं धुऊन पुसून ठेवलेलं. मग म्हणतात, फ्रुसेमाइड काढ. हात पुढे गेला की बघत बसतात. डब्यात एकसारख्या काचेची, एकसारख्या रंगाच्या लेबलाची अँप्यूल्स मुद्दाम शेजारी-शेजारी पडतील अशी ठेवलेली असतात. एका मुलीने लेबलाच्या रंगावरून भलतंच उचललं, तर तिला ऐकावं लागलं, "गो, रंग बघून उचलूक ह्यां काय लुगडां आसा? नाव वाच. ताकद वाच. तारीख वाच." मग लेबल तीन वेळा वाचायचं ते केव्हा केव्हा, हे हातात डबा घेऊनच करून दाखवलं: कपाटातून काढताना एकदा, सिरिंजमध्ये भरण्याआधी एकदा, आणि पेशंटजवळ पोचल्यावर टोचण्याआधी एकदा. बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ हे पाच मुद्दे पुस्तकातून पाठ करून आम्ही सगळ्याच आलो होतो. पण ओळख कशी पटवायची, हे कोणी सांगितलं नव्हतं. मॅडमचं म्हणणं, "पेशंटाक 'तुम्ही सावंत ना?' असां इचारू नको. अर्धो झोपेत आसता, तो हो म्हणतलो. 'तुमचां नाव सांगा' असां इचार." आपल्याकडच्या वॉर्डात एका वेळी तीन सावंत आणि दोन परब असतातच, त्यामुळे हे किती कामाचं आहे ते सांगायला नको.

या क्लासला जायचं खरं कारण म्हणजे गणितं. कॅल्क्युलेटर आणि मोबाइल दाराजवळच्या टोपलीत जातात. 'हवं ते भागिले हातात आहे ते, गुणिले किती मिलीत' हे एकच सूत्र फळ्यावर कायमचं लिहिलेलं असतं, पण गणितं वहीतली नसतात. उदाहरणार्थ, पॅरासिटामॉल सिरपच्या दोन बाटल्या समोर ठेवल्या. एकीवर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, दुसरीवर ५ मिलीत २५०. मूल १२ किलोचं, किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यायचं. म्हणजे १८० मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून ७.२ मिली, दुसरीतून ३.६. आता आजीला 'एक चमचा द्या' असं सांगून घरी पाठवलं आणि घरात आधीची वेगळी बाटली असेल तर काय होईल, हे आमच्याकडूनच काढून घेतलं. वर घरातला चमचा कुठला, चहाचा की आमटीचा? मग बाटलीबरोबर येणारं मापाचं टोपण प्रत्येकीच्या हातात देऊन ते डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायला लावलं. वरून बघितलं तर वाचन चुकतं, खालून बघितलं तरी चुकतं.

सलाईनच्या थेंबांचंही तसंच. ५०० मिली आठ तासांत घालवायचंय, तर मिनिटाला किती थेंब? कॉलेजात आम्ही सगळ्या 'एकवीस' म्हणून मोकळ्या व्हायचो. मॅडम आयव्ही सेटचं पाकीट हातात देतात आणि विचारतात, यावर काय छापलंय? एका मिलीत २० थेंबांचा सेट असेल तर एकवीस बरोबर. १५ थेंबांचा असेल तर सोळा. आणि ६० थेंबांचा मायक्रो सेट असेल तर गणित करायचं कामच नाही, तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. पाकीट न वाचता उत्तर देणाऱ्याला मार्क नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो इन्सुलिनवर, आणि गेला ते बरंच झालं. आपल्याकडे व्हायलमधलं इन्सुलिन बहुधा १ मिलीत ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं आणि काही व्हायल्समधलं १०० युनिटचं, त्याची सिरिंज केशरी टोपणाची. मॅडमनी दोन्ही सिरिंजा आणि दोन बाटल्यांत साधं पाणी दिलं. म्हणाल्या, शंभरची बाटली, लाल सिरिंज, वीसच्या रेघेपर्यंत भर. भरलं. आता सांग, पेशंटला किती गेलं? लाल सिरिंजवर वीसची रेघ म्हणजे अर्धा मिली. शंभरच्या बाटलीतला अर्धा मिली म्हणजे पन्नास युनिट. अडीच पट. खोलीत कुणी काही बोललं नाही, खालून फक्त खाजं तळल्याचा वास येत होता. उलटं केलं, म्हणजे चाळीसची बाटली आणि केशरी सिरिंज, तर वीसच्या रेघेला फक्त आठ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात. दोन प्रकारची इन्सुलिनं एका सिरिंजमध्ये घ्यायची तर आधी गढूळ बाटलीत हवा, मग स्वच्छ बाटलीत हवा, आधी स्वच्छ ओढायचं, मग गढूळ. हे हाताला बसेपर्यंत करून घेतलं. गढूळ बाटली हलवायची नाही, तळहातांत फिरवायची.

पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल डब्यातून निघालं की मॅडमचा आवाज बदलतो. १५ टक्क्यांच्या १० मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. हे थेट शिरेत ढकलायचं नाही, कधीच नाही, कोणी कितीही मोठ्याने ओरडलं तरी नाही. हृदय बंद पडतं. सलाईनच्या बाटलीत घालून, बाटली उलटीसुलटी करून नीट मिसळून, सावकाश. तोंडी ऑर्डर आली तर काय करायचं, हेही त्यांनी दोघींना डॉक्टर आणि सिस्टर करून, खोटंखोटं बोलायला लावून शिकवलं. आपण ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, 'हो, बरोबर' ऐकायचं, मगच हात लावायचा आणि नंतर केस पेपरवर लिहून सही घ्यायची. आमच्यातली एक मुलगी फार लाजाळू, तिला 'डॉक्टर, परत सांगा' म्हणता येईना. तिच्याकडून ते वाक्य इतक्यांदा म्हणवून घेतलं की आता ती हॉस्टेलच्या मेसवाल्यालाही परत सांगायला लावते.

कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा हा क्लास पुढे जातो तो पावसाच्या तोंडावर. विंचू, साप आणि लेप्टो (पावसाळ्यात पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप) असे तीन रविवार ठरलेले. लाल विंचवावर बोलताना महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम मॅडम घरातल्या माणसाचं सांगावं तसं सांगतात. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण पाहिले, टिपणं ठेवली, ती 'लॅन्सेट'पर्यंत पोचली. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मॅडमचा रोख औषधावर असतो. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची द्रव्यं उसळतात, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, रक्तदाब चढतो, पुढे फुप्फुसांत पाणी होतं. प्राझोसिन हे अल्फा रिसेप्टर, म्हणजे ही द्रव्यं रक्तवाहिन्यांवर जिथे जाऊन बसतात त्या जागा, अडवणारं, मुळात रक्तदाबाचं औषध. ते नेमकं तिथेच आडवं येतं. अल्फा ब्लॉकर म्हणजे काय, हे मला या एका तासात कळलं ते कॉलेजच्या तक्त्यातून कळलं नव्हतं. आणि नर्सचं काम? गोळी दिल्यावर रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून पेशंट आडवाच ठेवायचा. मूल असेल तर आई लगेच कडेवर घ्यायला धावते, तिला थांबवायचं. आईला काय सांगायचं ते मॅडमनी मालवणीत म्हणून दाखवलं, "बाय, आता तेका उचलू नको, चक्कर येतली. हंयसरच निजान ऱ्हवांदे." मला वाटतं पेशंटशी बोलायचं कसं, याचा असा धडा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

सापाचंही तसंच पक्कं. आपल्या जांभ्याच्या सड्यांवर फुरसं मुबलक, त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, म्हणून वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीपासून सुरुवात. स्वच्छ, कोरडी काचेची नळी, शिरेतलं दोन मिली रक्त, वीस मिनिटं न हलवता ठेवायची, मग कलती करून बघायची. प्लॅस्टिकची नळी चालत नाही. सर्पदंशाची लस, म्हणजे चावल्यावर द्यायचं विषावरचं उतारा-औषध, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते. पावडरच्या व्हायलमध्ये १० मिली पाणी घालून ती फिरवायची, खळखळायची नाही, फेस येतो. लहान मुलाला डोस कमी का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "साप वजन बघून चावता काय?" लसीची जोराची अ‍ॅलर्जी उठली तर लागतं, म्हणून अ‍ॅड्रिनलिन भरून शेजारी ठेवल्याशिवाय लस सुरू करायची नाही. लेप्टोचा रविवार मात्र मला उरकल्यासारखा वाटला. डॉक्सिसायक्लिन जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्याबरोबर आडवं व्हायचं नाही, एवढंच हाताशी लागलं.

आता तक्रारी.

नोट्सची झेरॉक्स वाचता येत नाही. मॅडमचं अक्षर सुंदर आहे, पण मूळ वही जुनी आणि तिच्या झेरॉक्सची झेरॉक्स. दशांश चिन्ह दिसत नाही! ज्या बाईने आम्हाला शून्य-पॉइंट-पाच लिहिताना पुढचं शून्य गाळू नका आणि पाचच्या मागे पॉइंट-शून्य लावू नका म्हणून रागावून शिकवलं, तिच्याच नोट्समध्ये पॉइंट पुसट असावा, हे बरं नाही. मी सांगितलं, "बघूया" म्हणाल्या.

दुसरं, औषधांचं वर्गीकरण इथे जवळजवळ होत नाही. शोषण, वितरण, चयापचय, उत्सर्जन एका तासात गुंडाळलं. विद्यापीठाच्या पेपरात दीर्घोत्तरी प्रश्न त्यावरच येतो. फक्त या क्लासच्या भरवशावर परीक्षेला बसाल तर प्रॅक्टिकल छान जाईल आणि थिअरीत रडाल.

तिसरं, काही गोष्टी जुन्या वळणाच्या आहेत. नितंबावरचं इंजेक्शन अजून त्या वरच्या-बाहेरच्या चौकोनातच शिकवतात. आता पुस्तकं सायटिक नर्व्हपासून (पायात उतरणाऱ्या मोठ्या नसेपासून) लांब असलेली, कमरेच्या बाजूची व्हेंट्रोग्लुटिअल जागा पसंत करतात. मी विचारलं तेव्हा त्यांनी ती जागा दाखवली, नीट दाखवली, तळहात ठेवून बोटांचा त्रिकोण करून. पण मुद्दाम विचारावं लागलं. सरावाला फोमचे तुकडे असतात, श्रावणात चिबूड. चिबडावर इंट्राडर्मलचा, म्हणजे कातडीच्या आतल्या इंजेक्शनचा, फोड काही धड उठत नाही, आणि नंतर तो कुणी खातही नाही. थोडे पैसे घालून एखादा सिलिकॉनचा पॅड आणावा, अशी विनंती.

बोलणं कडक आहे. ज्यांना लागतं त्यांना लागेल. पण एकीलाही पेशंटसमोर किंवा पालकांसमोर टोचून बोललेलं मी ऐकलं नाही. जे काय ते खोलीत.

जाणाऱ्यांसाठी: एसटी स्टँडवरून चालत जाता येतं, रेल्वे स्टेशनवरून रिक्षा करा. खोलीत वीसजणच मावतात आणि पंखा एकच, खिडकीजवळची जागा हवी तर साडेनऊला पोचा. भंगसाळ नदीला पाणी चढलं की क्लास बंद, निरोप आदल्या रात्री येतो. चतुर्थीच्या दिवसांत सुट्टी, नवी बॅच त्यानंतर. पहिल्या सेमिस्टरच्या मुलींनी घाई करू नये, अ‍ॅनाटॉमी झाल्याशिवाय अर्धं डोक्यावरून जातं. इंटर्नशिपला लागणाऱ्यांनी मात्र इन्सुलिन आणि थेंबांचे रविवार तरी गाठावेत. मॅडम सुट्या तासाचे दोनशे घेतात. येताना स्वतःची पाच मिलीची सिरिंज आणि वर्तमानपत्राची जुनी रद्दी घेऊन या, अँप्यूल फोडायला लागते.