आधी फिरवा, मग स्पार्क द्या: ड्रॅग एस्टीमवरचा आठ महिन्यांचा अनुभव

माझी मारुती एस्टीम फक्त ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतीसाठी आहे. १२९८ सीसी, फोर्ज्ड पिस्टन, कम्प्रेशन १२.५, दोन कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स ३२ अंशांवर लॉक केलेला, म्हणजे पिस्टन वर पोहोचायच्या ३२ अंश आधीच स्पार्क पडतो. रस्त्यावर ती चालवत नाही. नागपुरात वाडीच्या गॅरेजमधून ट्रेलरवर चढते आणि ४०२ मीटर धावायलाच खाली उतरते. गेल्या वर्षी या इंजिनाने दोन सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) आणि एक रिंग (फ्लायव्हीलच्या कडेचं दातेरी चक्र) खाल्ली. त्यानंतर जे बदल केले ते आठ महिने वापरून झालेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला सेल्फ गेला तेव्हा वाटलं, कंपनीचा सेल्फ एवढ्या कम्प्रेशनला पुरत नसेल. म्हणून गिअर रिडक्शनचा दणकट सेल्फ आणला. तिसऱ्याच दिवशी बटण दाबलं, इंजिन अर्धा फेरा फिरलं आणि 'ठण्ण'! सेल्फ खाली उतरवला तर पुढच्या हाउसिंगला फुली पाडल्यासारखी चीर, पिनियनचा (रिंगमध्ये अडकून ती फिरवणाऱ्या सेल्फच्या छोट्या गिअरचा) एक दात गायब आणि रिंगचे तीन दात मुळापासून उडालेले. मिस्त्री म्हणाला, "दादा, सेल्फ कायले बदलता? तो पुढं ढकलून राह्यला अन् इंजिन त्याले मांगं ढकलून राह्यलं."

ज्यांनी जुनी बुलेट मारली आहे त्यांना हे लगेच कळेल. टायमिंग पुढे गेलेलं असलं की किक उलटी मारते. माझ्या बाबांची पोटरी एकदा आठवडाभर सुजली होती. इथे पायाच्या जागी सेल्फ आहे, एवढाच फरक.

हिशेब करून पाहा. ७००० आरपीएमला ३२ अंश फिरायला पाऊण मिलिसेकंद लागतो. सेल्फवर इंजिन २०० आरपीएमने फिरतं, तेव्हा त्याच ३२ अंशांना जवळजवळ २७ मिलिसेकंद लागतात. पिस्टन वर पोहोचायच्या आधीच मिश्रण पेटून दाब भरलेला असतो आणि पिस्टन उलटा खाली फेकला जातो. हाच किकबॅक. पिनियन त्या वेळी रिंगमध्ये अडकलेलाच असतो. मग जे कमजोर असेल ते तुटतं. सेल्फ जितका दणकट, तितका मार रिंगवर.

आम्ही दोन गोष्टी केल्या. इग्निशनचं टॉगल आणि सेल्फचं बटण वेगवेगळं केलं: आधी सेल्फ मारायचा, इंजिनाने दोन फेरे घेतले की टॉगल वर. शिवाय सेल्फ मारताना टायमिंग २० अंश मागे ओढणारा स्टार्ट रिटार्ड बॉक्स लावला. म्हणजे सुरू होताना १२ अंश, आणि इंजिन पकडलं की आपोआप पुन्हा ३२. एकच गोष्ट परवडत असेल तर टॉगल लावा. दोनेकशे रुपयांत होतं आणि माझ्या मते ऐंशी टक्के काम तेच करतं. बॉक्स हवा तो माणसाच्या चुकीसाठी. एकदा घाईत मदतनीसाने टॉगल आधीच वर केलं होतं. बॉक्स नसता तर तिसरा सेल्फ गेला असता.

टॉगलची एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. स्पार्क बंद असताना ॲक्सिलरेटर पंप करायचा नाही. मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल साचतं आणि टॉगल वर करताच कार्बोरेटरमधून भडका येतो. आणि इंजिन पकडलं नाही तर लगेच दुसऱ्यांदा बटण दाबायचं नाही. बंद होताना इंजिन किंचित उलटं डुलतं, त्या डुलत्या रिंगवर पिनियन आदळला की दाताची कड उडते. मी मनात पाच मोजतो.

वायरिंगकडे आमचं साफ दुर्लक्ष झालं होतं. बॅटरी डिकीत असल्याने सेल्फपर्यंत जेमतेम ८.९ व्होल्ट पोहोचत होते. ५० चौरस मिमीची केबल ओढली आणि इंजिनाला वेगळी जाड अर्थ दिली, तेव्हा १०.६ मिळाले. सेल्फ हळू फिरला की किकबॅक वाढतो, म्हणून हाही रिंग वाचवण्याचाच भाग आहे. मे महिन्यात पारा ४५ वर असताना गरम इंजिन पुन्हा सुरू करून पाहिलं, सेल्फ एकदाही अडला नाही.

रिंगबद्दल अजून थोडं. चार सिलिंडरचं इंजिन कम्प्रेशनमुळे दरवेळी त्याच दोन समोरासमोरच्या जागी थांबतं, त्यामुळे तिथलेच पाच-सहा दात झिजतात. आमची रिंग फ्लायव्हीलवर गरम करून बसवलेली असते. झीज दिसली तर साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत सगळीकडून सारखी तापवून पाव फेरा फिरवून बसवता येते. जास्त तापवली तर दातांचं पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ पडतात. अमेरिकन व्ही-८ ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलऐवजी पातळ फ्लेक्सप्लेट असते आणि रिंग तिला वेल्ड केलेली, तिथे ही सोय नाही. दात गेले की अख्खी प्लेट बदला. किकबॅकने ती क्रँकच्या बोल्टांभोवती चिरतेही, म्हणून रेसिंगमध्ये एसएफआय २९.१ (रेसिंगच्या सुट्या भागांचं सुरक्षा मानक) प्रमाणित प्लेट वापरतात. त्या गाड्यांत सेल्फ बसवताना पिनियन आणि रिंगमध्ये बंद अवस्थेत १/१६ ते १/८ इंच अंतर असावं लागतं, आणि दात अडकल्यावर ०.०२० ते ०.०३५ इंचाची फट. कमी-जास्त झालं तर शिम (पातळ पत्र्याची चकती) घालतात. असं इंजिन बांधणाऱ्याने हे मोजल्याशिवाय बोल्ट कसू नयेत.

आठ महिन्यांत वहीत २१४ स्टार्ट नोंदवलेत. गेल्या रविवारी सेल्फ उतरवून टॉर्चने सगळी रिंग तपासली. दातांची कड कोरी आहे, दोन जागी फक्त ग्रीस काळं पडलं होतं. ते पुसून तोच सेल्फ परत चढवला.