एएम४, एएम५ की एलजीए १७००? गेमिंग पीसी जोडताना आधी सॉकेट ठरवा

ग्राफिक्स कार्ड जवळजवळ कुठल्याही मदरबोर्डवर चालतं. एसएसडी आणि पॉवर सप्लाय पुढच्या पीसीतही वापरता येतात. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे तिघं मात्र एकमेकांना बांधलेले असतात. एक निवडला की उरलेल्या दोघांची अर्धी निवड झालेलीच असते. म्हणून पार्ट्सची यादी करायला बसलात की सगळ्यात वर सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) लिहा, असं मी आग्रहाने सांगेन. बाकीची यादी त्याच्या मागून येते.

निवड मुख्यतः तीन सॉकेटांमध्ये आहे: एएमडीचे एएम४ आणि एएम५, आणि इंटेलचा एलजीए १७००. इंटेलचा एलजीए १८५१ ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. पण त्यावरचे कोअर अल्ट्रा २०० प्रोसेसर गेम्समध्ये आधीच्या पिढीच्या ठळकपणे पुढे गेले नाहीत, त्यामुळे फक्त गेमिंगसाठी पीसी जोडणाऱ्याने त्यात फार वेळ घालवू नये.

एएम४: कमी पैशात, पण शेवटच्या स्टेशनवर

एएम४ची कारकीर्द विलक्षण लांब झाली. २०१८ मध्ये बी४५० बोर्ड आणि रायझन ५ २६०० घेतलेल्या माणसाला २०२२ मध्ये फक्त बायोस (बोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डवर नवा रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. तेवढ्या काळात इंटेलचा सॉकेट ११५१ वरून १२०० आणि तिथून १७०० झाला. पण आज एएम४ घेणाऱ्याला तो फायदा मिळणार नाही. हा सॉकेट रायझन ५००० मालिकेवर थांबला आहे. रॅम डीडीआर४च (डीडीआर५च्या आधीची पिढी) लागते आणि ती एएम५ वर नेता येणार नाही.

तरीही घरात चांगली डीडीआर४ रॅम पडून असेल, किंवा बजेट इतकं घट्ट असेल की बोर्ड-रॅममध्ये वाचलेला पैसा थेट ग्राफिक्स कार्डात घालता येईल, तर एएम४ हा शहाणा पर्याय आहे. इथे नावांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. रायझन ५ ५६००, ५६००जी आणि ५५०० हे भावंडांसारखे वाटतात. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आणि पीसीआयई ४.० (ग्राफिक्स कार्ड जोडणारा मार्ग) आहे; ५६००जी आणि ५५०० मध्ये कॅश १६ एमबी आणि पीसीआयई ३.०. गेम्समध्ये कॅशचा फरक थेट एफपीएसमध्ये (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्यात) दिसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणारच असाल, तर ५६००जी घेण्याचं काही कारण नाही.

एलजीए १७००: दोन्ही रॅम, पण एका बोर्डवर एकच

२०२१च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या या सॉकेटवर इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे प्रोसेसर बसतात. बोर्ड डीडीआर४चे मिळतात आणि डीडीआर५चेही. गोंधळ इथेच होतो. एकाच मॉडेलचं जवळपास सारखं नाव असलेले दोन बोर्ड असतात आणि फरक नावाच्या शेवटी ‘डी४’ एवढ्यावर असतो. दोन्ही रॅमना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते. चुकीची रॅम बसत नाही, आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो.

आय५-१२४००एफ हा इथला प्रामाणिक, थंड चालणारा प्रोसेसर आहे. वरच्या श्रेणीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. १३व्या आणि १४व्या पिढीतल्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होण्याचा दोष होता. इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती पुढचं नुकसान टाळते, झालेलं भरून काढत नाही. म्हणून या पिढ्यांतला जुना, वापरलेला आय७ किंवा आय९ स्वस्तात मिळाला तरी मी घेणार नाही. नवा घेतलात तर पहिलं काम बायोस अपडेटचं.

आणखी एक: नावाशेवटी ‘के’ असलेल्या प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) करायचं तर झेड चिपसेटचा (बोर्डवरच्या नियंत्रक चिपचा) बोर्ड लागतो. बी७६० बोर्डवर ‘के’ चालेल, पण ज्यासाठी जास्त पैसे मोजले ते मिळणार नाही.

एएम५: पुढे वाढण्याची जागा

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. बोर्ड-रॅमचा सुरुवातीचा खर्च एएम४पेक्षा जास्त होतो, हे खरं. बदल्यात या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही पाठबळ देऊ, असं एएमडीने जाहीर केलं आहे. आज रायझन ५ ७६०० बसवून तीन वर्षांनी त्याच बोर्डवर एक्स३डी (वाढीव कॅशचा) प्रोसेसर टाकता येणं, हा माझ्या मते या सगळ्या तुलनेतला सर्वांत मोठा मुद्दा आहे. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी यांनी गेमिंगमध्ये जे स्थान मिळवलं ते वाढीव कॅशच्या जोरावर, आणि तेही माफक विजेत. इंटेलचा १४९००के जोरात चालला की २५३ वॅटपर्यंत जातो. ७८००एक्स३डीचा टीडीपी (कूलर निवडण्यासाठी दिलेला उष्णतेचा आकडा) १२० वॅट आहे आणि गेम खेळताना तो त्याहूनही कमी घेतो. साहजिकच कूलरवरचा आणि बोर्डवरचा खर्च आटोक्यात राहतो.

पहिल्यांदाच पीसी जोडणाऱ्यासाठी एएम५ची आणखी एक सोय मला फार मोलाची वाटते. रायझन ७००० आणि ९००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांत छोटं ग्राफिक्स असतं (‘एफ’ असलेले वगळून). डिस्प्ले आला नाही तर ग्राफिक्स कार्ड काढून केबल थेट बोर्डला लावायची. दोष कार्डाचा की इतर कशाचा, ते लगेच कळतं. एएम४च्या ५६०० वर किंवा १२४००एफ वर ही सोय नाही.

नवा पीसी, सगळे पार्ट्स नवे आणि थोडं ताणता येण्यासारखं बजेट, एवढं जुळत असेल तर एएम५ घ्या.

सॉकेट जुळूनही जिथे अडतं

सॉकेट तोच म्हणजे प्रोसेसर सुरू होईलच, असं नाही. ९००० मालिका येण्याआधीपासून दुकानात पडून राहिलेल्या बी६५० बोर्डला ती मालिका ओळखता येत नाही. बी६६० आणि १४व्या पिढीचंही तेच. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घेतला तर प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून बायोस चढवता येतं. बोर्डवरच्या आरजीबी दिव्यांपेक्षा हे बटण जास्त महत्त्वाचं आहे.

रॅम दोनच्या जोडीत घ्या आणि चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. एएम५ वर ६००० वेग आणि सीएल३० (रॅमचा प्रतिसादातला विलंब) ही जमलेली निवड. एएम४ वर ३२०० किंवा ३६००. डीडीआर५च्या चार स्टिक लावल्या की वेग बराच खाली आणावा लागतो, म्हणून ३२ जीबी हवी तर १६च्या दोन. बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅमच्या वेगाची तयार सेटिंग) चालू केल्याशिवाय रॅम तिच्या छापील वेगाने धावत नाही.

ग्राफिक्स कार्ड कुठेही चालतं असं वर म्हटलं, पण सारखंच चालत नाही. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० पीसीआयईच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतात, आरएक्स ६५०० एक्सटी चारच. बी४५० किंवा ए५२० सारख्या पीसीआयई ३.० बोर्डवर त्यांची बँडविड्थ निम्मी होते आणि कार्डची मेमरी भरली की खेळ अडखळतो. इंटेलच्या आर्क कार्डांना तर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बायोसमधली सोय) चालू असणं जवळपास अनिवार्यच आहे.

कॅबिनेटच्या माहितीत दोन आकडे पाहा: ग्राफिक्स कार्डची कमाल लांबी आणि कूलरची कमाल उंची. नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिमी उंच आहे. अनेक कॅबिनेटांत तो मावत नाही. पुढच्या बाजूला रेडिएटर लावणार असाल, तर त्याची आणि पंख्यांची जाडी कार्डच्या जागेतून वजा करा. एएम४च्या मूळ बॅकप्लेटवर (बोर्डच्या मागच्या आधारपट्टीवर) बसणारे कूलर एएम५ वर बसतात. स्वतःची बॅकप्लेट आणणारे बसत नाहीत.

पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नका. ८० प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. आणि मॉड्युलर केबल एका पॉवर सप्लायच्या दुसऱ्याला कधीही लावू नका. सप्लायकडच्या टोकाच्या पिनांची रचना ठरलेली नसते. प्लग आरामात बसतो आणि एसएसडी जळते. प्रोसेसरची ४+४ आणि ग्राफिक्स कार्डची ६+२ या केबलींचीही गल्लत होते, दोन्हीकडे आठ पिना असल्या तरी त्या वेगळ्या आहेत.

एएम५ घेतलात तर पहिल्यांदा बटण दाबल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. त्या वेळात बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून वीज तोडू नका, रॅम काढू नका, थांबा.