शनिवार-रविवारी डोळ्याला अचानक काही झालं, तर नेमकं कुठे जायचं?

शनिवारी संध्याकाळी आईच्या उजव्या डोळ्यापुढे एकदम काळ्या माशा उडायला लागल्या. अंधारात गेली की कडेला वीज चमकल्यासारखं व्हायचं. डोळा लाल नाही, दुखत नाही, म्हणून तिचं एकच पालुपद: "सोमवारी बघू." मी ऐकलं नाही आणि तिला जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात घेऊन गेले. तीन तास बसलो. तिथल्या डॉक्टरांनी टॉर्चने डोळा पाहिला, रक्तदाब मोजला आणि "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा" असं सांगितलं. त्यांच्यापाशी डोळ्याचा पडदा, म्हणजे आतला प्रतिमा उमटण्याचा थर, तपासायचं साधनच नव्हतं, ते तरी काय करणार?

रात्री तिच्या नेहमीच्या नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन लावला. दवाखाना बंद होता, पण रेकॉर्ड केलेल्या निरोपात तातडीच्या वेळी लावायचा नंबर होता. रविवारी सकाळी बाहुली मोठी करून तपासणी झाली. पडद्याला फाट होती. त्याच दिवशी लेझर झालं.

तो फोन मी आधी करायला हवा होता. त्या दिवसापासून मी हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने मांडते: कुठलं ठिकाण जवळ आहे किंवा मोठं आहे, यापेक्षा तिथे या क्षणी काय तपासता येईल?

सगळ्यात आधी नळ

डोळ्यात रसायन गेलं असेल तर ठिकाणांची तुलना नंतर. आधी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली डोळा धरा, पापण्या बोटांनी उघड्या ठेवा आणि किमान 15 ते 30 मिनिटं धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुतानाच काढा. चुना, सिमेंट, तुंबलेली नळी मोकळी करायची पावडर ही अल्कली आम्लापेक्षाही वाईट, कारण ती डोळ्याच्या थरांमध्ये आत शिरत जाते. लिंबू किंवा व्हिनेगर घालून "उतारा" करायला जाऊ नका. धुऊन झाल्यावर इमर्जन्सी विभाग असो की डोळ्यांचं रुग्णालय, जे लवकर गाठता येईल ते गाठा. धुण्याचं काम दोन्हीकडे पुढे चालू ठेवता येतं.

मोठ्या रुग्णालयाची इमर्जन्सी की डोळ्यांचं रुग्णालय?

खरी निवड या दोघांतच असते.

इमर्जन्सी विभागाकडे स्कॅन, रक्ततपासणी, शिरेतून औषधं आणि मेंदूचे डॉक्टर असतात. स्लिट लॅम्प, म्हणजे हनुवटी टेकवून डोळा मोठा करून पाहायचं यंत्र, असेलच असं नाही, आणि ते वापरणारा माणूस रविवारी असेल याची खात्री त्याहून कमी. डोळ्यांच्या रुग्णालयात याच्या नेमकं उलट: डोळ्याचा दाब मोजता येतो, पडदा तपासता येतो, लेझर असतं, पण मेंदूचा स्कॅन बहुधा नसतो. म्हणून त्रासाचं मूळ डोळ्यात दिसतं आहे की डोळ्यामागे, यावर निवड ठरते.

एका डोळ्याची नजर काही क्षणांत, न दुखता, दिवा मालवावा तशी गेली तर थेट मोठ्या रुग्णालयात, रुग्णवाहिकेने, आणि शक्य असेल तर पक्षाघातावर उपचार होतात तिथेच. पडद्याला रक्त पुरवणारी धमनी तुंबली असू शकते. हा डोळ्यातला पक्षाघातच. रक्त पूर्ण थांबलं तर साधारण चार तासांत पडद्याचं कायमचं नुकसान होतं. वेळेत पोचूनही नजर परत येईलच असं नाही, पण त्यापाठोपाठ मेंदूचा झटका येण्याचा धोका असतो आणि तो टाळण्यासाठीच्या तपासण्या तिथेच होतात. नजर दहा मिनिटांनी आपोआप परत आली तरी जायचंच. "आता बरं आहे" म्हणून घरी बसण्यासारखी घातक चूक या विषयात दुसरी नाही.

अचानक दोन-दोन दिसू लागलं, एक पापणी पडली, एक बाहुली मोठी झाली, बोलताना जीभ अडखळू लागली, तरी हाच रस्ता. ताप आहे, पापणी सुजून बंद झाली आहे आणि डोळा हलवताना दुखतो किंवा बाहेर आल्यासारखा वाटतो, विशेषतः लहान मुलाचा, तर खोबणीत संसर्ग उतरलेला असू शकतो. तेव्हाही स्कॅन आणि शिरेतून प्रतिजैविकं लागतात. वय पन्नाशीच्या पुढे, कानशिलाशी नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, केस विंचरताना डोकं हुळहुळणं आणि त्यात नजर अंधारणं, हे सगळं डॉक्टरांना एकत्र सांगा. रक्तवाहिन्यांच्या सुजेचा हा आजार असेल तर स्टिरॉइड लगेच सुरू करावं लागतं, नाहीतर थोड्याच दिवसांत दुसरा डोळाही जाऊ शकतो.

आता दुसरी बाजू. नव्या माशा, विजा, नजरेत कडेने सरकत येणारी काळी सावली, हे डोळ्यांच्या रुग्णालयाचं काम. पन्नाशीनंतर डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ आकसून पडद्यापासून सुटतो, तेव्हा माशा दिसतात आणि बहुतेकांच्या बाबतीत ते निर्धोक असतं. पण अशी लक्षणं घेऊन आलेल्या दर शंभरांपैकी साधारण दहा ते पंधरा जणांच्या पडद्याला फाट सापडते. फाट असताना लेझरने किंवा गोठवून काम भागू शकतं. पडदा सुटला की शस्त्रक्रिया. त्यातही मधला, वाचायला लागणारा भाग अजून चिकटलेला असेल तर निकाल कितीतरी चांगला लागतो, म्हणून तर शनिवार-सोमवारचा फरक पडतो. चष्म्याचा मोठा मायनस नंबर, आधी झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, डोळ्याला लागलेला मार, घरात कुणाचा पडदा सुटलेला असणं, यांतलं काही असेल तर घाई आणखी करा. काळी सावली दिसायला लागली असेल तर रात्रीसुद्धा थांबू नका.

लेन्स वापरणाऱ्याचा डोळा दुखतो, लाल आहे, उजेड सहन होत नाही, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बुबुळावर जंतुसंसर्गाची जखम असू शकते आणि काही जिवाणू एक-दोन दिवसांत बुबुळ विरघळवून टाकतात. लेन्स आणि तिची डबी फेकू नका, सोबत न्या. जंतू ओळखायला त्यांचा उपयोग होतो. अलीकडेच मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा डोळ्यात इंजेक्शन झालं असेल आणि दुखणं वाढून नजर कमी होत असेल, तर ज्यांनी ते केलं त्यांनाच आधी फोन, कुठल्याही वेळी.

एका आजाराने मात्र ही विभागणी गोंधळात पडते: काचबिंदूचा तीव्र झटका. डोळा भयंकर दुखतो, लाल होतो, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात, आणि डोकेदुखी-उलट्या इतक्या जोरात असतात की माणसाला पोटाचा किंवा अर्धशिशीचा रुग्ण समजून चालतात. डोळ्याचा दाब एरवी पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरच्या आसपास असतो, तो इथे 50 च्या पुढेही जातो. डोळ्यांचं रुग्णालय उघडं असेल तर तिथे जा, नसेल तर इमर्जन्सीत. दाब उतरवायची औषधं तिथेही सुरू करता येतात. फक्त दारातच "डोळा दुखतोय, वलयं दिसतात" हे आधी सांगा, उलट्यांचं नंतर.

डोळ्यात टोकदार वस्तू घुसली असेल तर ती काढू नका, धुऊ नका, दाबू नका. डोळ्यावर कागदी कप उपडा धरून चिकटवा; डोळ्यात काही रुतलेलं असेल तर ते कपाला लागणार नाही हे पाहा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून खाणंपिणं बंद. शस्त्रक्रिया होऊ शकेल अशाच ठिकाणी न्या.

फोन

वरच्या पक्षाघात, रसायन आणि घुसलेली वस्तू यांसारख्या प्रसंगांत फोनवर वेळ घालवू नका. बाकी सगळ्यांत दोन मिनिटांचा फोन तीन तासांचं बाकावर बसणं वाचवतो. विचारायचं इतकंच: आत्ता नेत्रतज्ज्ञ आहेत का, बाहुली मोठी करून पडदा तपासतील का, नसतील तर कुठे पाठवाल? फोन लावण्यापूर्वी एकेक डोळा झाकून पाहा. दोन्ही उघडे असताना एक डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो आणि नजर गेलेली कळतही नाही. कोणता डोळा, कधीपासून, दुखतो का, हे नीट सांगता आलं तर पलीकडच्यालाही निर्णय घेता येतो.

चष्म्याचं दुकान, औषधांचं दुकान, व्हिडिओ कॉल

चष्म्याच्या दुकानात प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासणारा तंत्रज्ञ) आणि स्लिट लॅम्प असेल तर साधा लाल डोळा किंवा वरवरचा कण यांच्यासाठी ती चांगली सोय आहे, आणि रविवारी बऱ्याचदा उघडी असते. नुसती नंबर काढायची मशीन असेल तर उपयोग नाही.

औषधांच्या दुकानातून कोरडेपणाचे थेंब खुशाल घ्या. स्टिरॉइडचे थेंब मात्र तपासणीशिवाय कधीही नाहीत. लाली झटकन उतरते, त्यामुळे गुण आल्यासारखं वाटतं. आत नागिणीच्या जातीच्या विषाणूची किंवा बुरशीची जखम असेल तर ती मोकाट पसरते. घरात पडलेली जुनी बाटली हा तर त्याहून मोठा धोका.

व्हिडिओ कॉलवर पापणी दिसते, पडदा दिसत नाही. कुठे जायचं हे विचारण्यापुरता तो ठीक.

सोमवारपर्यंत थांबण्यासारखं

पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग, पण दुखत नाही आणि नजर स्वच्छ: एक-दोन आठवड्यांत जातो. रांजणवाडी: कोमट शेक. डोळे आले आहेत, चिकट पाणी येतं, खुपतं, पण पाणी पुसल्यावर नीट दिसतं: हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा. तान्ह्या बाळाला आणि लेन्स वापरणाऱ्याला ही सवलत नाही. यांतल्या कशातही नजर कमी झाली, दुखणं वाढलं किंवा उजेड टोचू लागला, की थांबणं संपलं.

जाताना चालू असलेली औषधं आणि थेंब सोबत घ्या, आणि गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या. बाहुली मोठी करायच्या थेंबांनी चार ते सहा तास धूसर दिसतं. त्या रविवारी परत येताना आईने पूर्ण रस्ता डोळ्यांवर ओढणी धरली होती, आणि लेझर केलेल्या डोळ्यासाठी पुढची तपासणी कधी आहे ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.