तीन सिलिंडर की चार? इंदूरच्या सिग्नलवरून एक अनुभव

बाराशे सीसीच्या आसपासची पेट्रोल मोटार घेऊ पाहणाऱ्यापुढे आज हा प्रश्न हटकून उभा राहतो, कारण चार सिलिंडरची काही इंजिने आता तीनांवर आली आहेत. मारुतीच्या स्विफ्टमध्ये हा बदल २०२४ साली झाला. मी सहा वर्षे तीन सिलिंडरची मोटार चालवली आणि नंतर चारची घेतली, तेव्हा माझा कल कुठे आहे हे लपवण्यात अर्थ नाही.

तीन सिलिंडरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तेवढ्याच क्षमतेत प्रत्येक सिलिंडर मोठा, सुमारे ४०० सीसीचा होतो, हलणारे भाग घटल्याने घर्षणात शक्ती कमी वाया जाते आणि कमी वेगातही ओढ चांगली मिळते. महेश्वरहून परतताना मानपूरचा घाट माझी जुनी मोटार कुरकुर न करता चढत असे, आणि पेट्रोलच्या खर्चात नवी तिची बरोबरी करत नाही, हे मान्य करावेच लागेल.

अडचण होती ती उभ्या गाडीची. प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. त्यामुळे मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या संथ गतीत चार सिलिंडरचे इंजिन सेकंदाला २५ धक्के देते, तर तीनचे जेमतेम १९, आणि तेही विरळ व जोरकस. शिवाय तीनमध्ये क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची, दोन टोके आळीपाळीने वर-खाली झुलू पाहतात. हे झुलणे शमवणारा जादा फिरता दांडा, म्हणजे बॅलन्स शाफ्ट, स्वस्त मोटारींत बहुधा नसतो, आणि सारा भार इंजिन ज्यांवर बसवलेले असते त्या माउंटिंगच्या रबरांवर पडतो.

मे महिन्यात पलासिया चौकात एसी लावून थांबलो, की कॉम्प्रेसर सुरू होताच आरशातल्या मागच्या गाडीची नंबरप्लेट अशी थरथरे की आकडे वाचता येत नसत. रबरे बदलून पाहिली. चार-सहा महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. ज्यांचे जाणे-येणे बहुतांशी महामार्गावर आहे त्यांना हे कदाचित जाणवणारही नाही, आणि त्यांनी तीनची खुशाल घ्यावी. मला मात्र रोज सात सिग्नल लागतात.

चाचणीसाठी शोरूमची माणसे सहसा बायपासवर नेतात, तिथे दोन्ही इंजिने सारखीच गुळगुळीत वाटतात. आपण दुपारी, एसी सुरू ठेवून, पलासियाला चलावे असा आग्रह धरावा.