जुनं लास वेगास बघायचं तर: निऑन म्युझियम आणि एल कोर्टेझ

जुनी, नावाजलेली कॅसिनो-हॉटेलं बघायची म्हणून लास वेगासला जाणारे बहुतेक जण स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, खोली घेतात. चूक तिथेच होते. ज्या हॉटेलांमुळे स्ट्रिपचं नाव झालं, त्यांतलं जवळपास काहीच तिथे उरलेलं नाही. सँड्स १९५२ मध्ये उघडलं आणि १९९६ मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्या जागेवर आता व्हेनेशियन आहे. ड्यून्सच्या जागी बेलाजिओ उभं आहे, डेझर्ट इनच्या जागी विन, स्टारडस्टच्या जागी रिसॉर्ट्स वर्ल्ड. रिव्हिएरा २०१६ मध्ये गेलं आणि ट्रॉपिकाना ९ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे जमीनदोस्त झालं. फ्लेमिंगो हे नाव टिकलंय, पण २६ डिसेंबर १९४६ ला उघडलेल्या मूळ हॉटेलच्या बांधकामातला शेवटचा भाग १९९३ मध्ये पाडला गेला. बागेत ते उभारणाऱ्या बग्झी सीगल या गुंडाच्या नावाचा एक स्मृतिफलक आहे. सहारा बरंच जुनं आहे, पण त्याचंही मधल्या काळात नाव बदललं आणि आतलं सगळं नवं झालं.

याचं कारण साधं आहे. स्ट्रिपवर इमारतीपेक्षा जमीन महाग. दोनशे-चारशे खोल्यांचं हॉटेल पाडून तिथे तीन हजार खोल्या उभ्या करता येतात, मग जुनं राखायचं कोणी? डाउनटाउनमधले, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यभागातले, प्लॉट लहान आणि चहूबाजूंनी बांधलेले, त्यामुळे तिथे हा हिशेब जमला नाही. म्हणून जुनं जे काही उरलं, ते स्ट्रिपपासून उत्तरेला काही मैलांवर, फ्रीमाँट स्ट्रीटच्या आसपास उरलं. त्यातल्या दोन ठिकाणांबद्दल इथे सविस्तर लिहितोय: निऑन म्युझियम आणि एल कोर्टेझ. बाकीची ओझरती.

निऑन म्युझियम

हॉटेलं गेली, मग त्यांच्या पाट्या कशा राहिल्या? पाट्यांची मालकी बऱ्याचदा हॉटेलकडे नसायचीच. यंग इलेक्ट्रिक साइन कंपनीसारख्या कंपन्या पाटी बनवून उभी करायच्या, दरमहा भाडं घ्यायच्या आणि देखभालही स्वतःच करायच्या. हॉटेलनं पाटी बदलली किंवा हॉटेलच बंद पडलं, की जुनी पाटी उतरवून कंपनीच्या आवारात आणून टाकली जायची. तिचे सुटे भाग दुसऱ्या पाट्यांना वापरता यायचे. कामगार त्या आवाराला बोनयार्ड म्हणायचे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या म्युझियमनं हेच नाव आपल्या उघड्या अंगणाला दिलं. आज तिथे दोनशेहून जास्त पाट्या आहेत. भाड्याच्या व्यवहारामुळे एका शहराची आठवण जपली गेली, हे ध्यानात ठेवून आत गेलं की तिथल्या प्रत्येक गंजक्या पत्र्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं जातं.

प्रवेश आहे ला कोंचा मोटेलच्या लॉबीतून. शिंपल्यासारखी लाटा घेत उठणारी ही पातळ काँक्रीटची इमारत पॉल रेव्हिअर विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुकारानं आखली आणि १९६१ मध्ये ती रिव्हिएराच्या शेजारी बांधली गेली. मोटेल पाडायची वेळ आली तेव्हा लॉबीचे आठ तुकडे करून २००६ मध्ये ते इथे आणून पुन्हा जोडले. तिकीट दाखवून घाईनं आत शिरू नका. आधी बाहेर उभं राहून छताच्या कमानी बघा. सांधे कुठे आहेत हे नीट निरखलं तर सापडतं.

तिकीट ठरावीक वेळेचं असतं आणि ते आधीच ऑनलाइन काढावं. दिवसाचं स्वस्त, रात्रीचं महाग, आणि सूर्यास्ताच्या आसपासच्या वेळा सगळ्यांत आधी संपतात. माझी शिफारस त्याच वेळांची, म्हणजे सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटांनी आत शिरता येईल असं तिकीट. दिवसा पाट्यांचं बांधकाम दिसतं: पत्र्याचे डबे, रंगाचे पोपडे, बल्बांची रिकामी भोकं, मागचे लोखंडी सांगाडे. रात्री मोजक्याच पाट्या स्वतःच्या प्रकाशानं पेटतात, बाकीच्यांवर जमिनीवरून झोत सोडलेले असतात. संधिप्रकाशात दोन्ही एकदम बघायला मिळतं. उन्हाळ्यात भर दुपारची वेळ घेऊ नये. अंगण पूर्ण उघडं आहे, सावली जवळजवळ नाही, आणि वेगासमध्ये ७ जुलै २०२४ ला ४८.९ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलंय. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर अंगण बंद ठेवतात, म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशीचं तिकीट काढू नये.

नुसतं फिरायला पाऊण तास पुरतो. पण वाटाड्यासह फेरी उपलब्ध असेल तर तीच घ्यावी, कारण पाट्यांजवळची माहिती त्रोटक आहे आणि खरं सोनं गोष्टींत आहे. मुलाँ रूजची गुलाबी, वळणदार अक्षरं त्याचं उत्तम उदाहरण. मे १९५५ मध्ये उघडलेलं हे वेगासमधलं पहिलं कॅसिनो-हॉटेल, जिथे गोरे आणि काळे एकत्र बसू, खेळू आणि राहू शकत होते. त्या काळी नॅट किंग कोल, सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्यासारखे कलाकार स्ट्रिपवरच्या रंगमंचावर टाळ्या घ्यायचे, पण झोपायला त्यांना शहराच्या पश्चिम भागातल्या खाणावळीवजा घरांमध्ये जावं लागायचं. मुलाँ रूज सहा महिन्यांच्या आतच बंद पडलं. पण १९६० मध्ये स्ट्रिपवरचा वर्णभेद उठवण्याचा समझोता त्याच इमारतीत झाला. पाटीची अक्षरं बेटी विलिस यांची. ‘वेलकम टू फॅब्युलस लास वेगास’ ही १९५९ ची जगप्रसिद्ध पाटीही त्यांचीच, आणि तिचे हक्क त्यांनी कधी घेतले नाहीत.

स्टारडस्टची अक्षरं तीक्ष्ण, कोनाकोनांची आहेत. वेगासच्या वायव्येला नेवाडाच्या चाचणी क्षेत्रात जानेवारी १९५१ पासून अणुस्फोट सुरू झाले होते आणि शहरानं त्याचा उत्सवच केला होता. १९५८ मध्ये उघडलेल्या या हॉटेलच्या पाटीत तोच अणुयुगाचा थाट आहे. त्याच स्टारडस्टमध्ये सत्तरच्या दशकात नाणी मोजण्याचे वजनकाटे कमी दाखवतील असे लावलेले होते. फरकाचे पैसे कराच्या हिशेबात न येता गुन्हेगारी टोळ्यांकडे जायचे. पाटीसमोर उभं राहून हे माहीत असणं आणि नसणं यात मोठं अंतर आहे.

थोडं निऑनच्या तंत्राबद्दल, म्हणजे काय बघायचं ते कळेल. काचेची नळी ज्वालेवर तापवून हातानं वाकवतात, दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड बसवतात, आतली हवा पूर्ण काढून कमी दाबाचा वायू भरतात आणि ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टचा दाब देतात. शुद्ध निऑन फक्त नारिंगी-लाल उजळतो. निळ्यासाठी आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब लागतो. बाकीचे रंग नळीच्या आतल्या लेपातून किंवा रंगीत काचेतून येतात. नळी नीट बंद असेल तर ती दशकानुदशकं चालते. बिघडतं ते सांध्यांपाशी: टोकाला बारीक तडा जाऊन हवा शिरते, वायरचं आवरण उन्हानं फुटतं, ट्रान्सफॉर्मर जळतो. आर्गॉन-पाऱ्याच्या नळ्या थंडीत मंदही पडतात. काळी पडलेली नळीची टोकं दिसली तर समजावं की तिनं भरपूर वर्षं काम केलंय. बोनयार्डमधल्या बहुतेक पाट्यांची काच मात्र उतरवताना आणि ने-आण करतानाच फुटलेली आहे.

उणिवा आहेत. दोन पाट्यांमधली वाट अरुंद असल्यानं गर्दीच्या वेळी मागच्या रांगेतलं काही नीट दिसत नाही. उत्तरेकडच्या गॅलरीतल्या प्रक्षेपणाच्या खेळाला वेगळं तिकीट लागतं. मेलेल्या पाट्या प्रकाशानं पुन्हा ‘पेटवण्याची’ कल्पना देखणी आहे, पण वेळ आणि पैसे एकाच गोष्टीला असतील तर मुख्य अंगणच निवडा. आणखी एक: म्युझियम आर्ट्स डिस्ट्रिक्ट भागात हलवण्याची योजना जाहीर झालेली आहे. निघण्यापूर्वी पत्ता पुन्हा तपासा.

एल कोर्टेझ

पाट्या बघून झाल्यावर चालतं-बोलतं जुनं हॉटेल हवं असेल तर फ्रीमाँट आणि सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जा. एल कोर्टेझ ७ नोव्हेंबर १९४१ ला उघडलं. १९४५ मध्ये ते सीगल, त्याच्यासारखाच टोळीवाला मायर लॅन्स्की आणि त्यांच्या साथीदारांनी घेतलं, पुढच्याच वर्षी नफ्यात विकलं आणि तो पैसा फ्लेमिंगोच्या बांधकामात घातला. १९६३ मध्ये जॅकी गॉगन यांनी हॉटेल विकत घेतलं. नंतर मालकी दुसऱ्यांकडे गेली तरी २०१४ मध्ये निधन होईपर्यंत ते वरच्या मजल्यावरच राहत होते. २०१३ मध्ये ही इमारत अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदीत गेली.

खोली घेताना एक गोष्ट पक्की समजून घ्या. १९४१ च्या मूळ भागातल्या ‘व्हिंटेज’ खोल्या कॅसिनोच्या वर आहेत आणि तिथे लिफ्ट नाही. मोठी बॅग किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर त्या घेऊ नका. खालचा आवाजही थोडाफार वर येतो. पण इतिहासासाठीच जात असाल तर याच खोल्या घ्यायच्या. मागच्या टॉवरमधल्या खोल्या मोठ्या, लिफ्टच्या आणि शांत आहेत, मात्र त्या कुठल्याही शहरात मिळतील अशा. बहुतेक कॅसिनोंप्रमाणे इथेही आत धूम्रपानाला मुभा आहे, आणि छत बुटकं असल्यानं धूर जाणवतो. दमा असेल त्यांनी संध्याकाळचा एखादा तास बघून परत यावं, मुक्काम करू नये.

या हॉटेलचं खरं वैभव म्हणजे नाण्यांवर चालणारी स्लॉट यंत्रं. दोन हजारनंतरच्या दशकात वेगासनं नाणी टाकून देऊन छापील चिठ्ठ्या आणल्या. एल कोर्टेझनं काही जुनी यंत्रं राखली. नाणं टाकायचं, दांडा ओढायचा किंवा बटण दाबायचं, आणि जिंकलं की पत्र्याच्या ताटलीत नाणी खणाणत पडतात. यंत्रातल्या नाण्यांच्या साठ्याला हॉपर म्हणतात. तो रिकामा झाला की देणं अर्ध्यात थांबतं आणि वरचा दिवा लागतो. अशा वेळी जागा सोडू नका, यंत्र बंद-चालू करायचा प्रयत्न करू नका. कर्मचारी येऊन हॉपर भरतो आणि उरलेली नाणी पडतात. वाकडं नाणं अडकलं तरी तसंच. बोटं काळी होतात, तेव्हा रुमाल जवळ ठेवा. नाणी कॅशियरकडे बदलून मिळतात.

ब्लॅकजॅकसाठीही हे ठिकाण ओळखलं जातं, कारण पत्त्यांच्या एकाच कॅटचा आणि ३:२ दरानं पैसे देणारा खेळ त्यांनी बरीच वर्षं टिकवला. बसण्यापूर्वी टेबलावरच्या हिरव्या कापडावर काय छापलंय ते वाचा. १० डॉलरच्या डावावर ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच २१, लागला तर ३:२ मध्ये १५ डॉलर मिळतात, ६:५ मध्ये १२. साधारण २१ हातांत एकदा ब्लॅकजॅक येतो, त्यामुळे एवढ्या एका फरकानं कॅसिनोचा वाटा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. रुलेटमध्ये दोन शून्यांचं चाक ५.२६ टक्के घेतं, एका शून्याचं २.७. आकडे लहान वाटतात, पण रात्रभर बसलं की तेच खिसा रिकामा करतात. इथे इतिहास बघायला वीस डॉलरची नाणी पुरेशी आहेत.

आसपास

फ्रीमाँटच्या दुसऱ्या टोकाला, क्रमांक १ वर, गोल्डन गेट आहे. १९०६ मध्ये हॉटेल नेवाडा म्हणून उघडलं, १९०७ मध्ये शहरातला पहिला टेलिफोन इथेच बसला. नेवाडात १९१० ते १९३१ जुगाराला बंदी होती. ती उठल्यावर हॉटेलनं ‘साल सागेव्ह’ हे नाव घेतलं, म्हणजे लास वेगास उलटं वाचलेलं. १९५९ मध्ये ५० सेंटला सुरू झालेलं इथलं कोळंबी कॉकटेल अनेक दशकं गाजलं. ते आता मिळत नाही, त्यामुळे जुनी प्रवासवर्णनं वाचून त्यासाठी जाऊ नका. जुन्या भागातल्या खोल्या फार लहान आहेत. बघायला अर्धा तास द्या, राहू नका.

गुन्हेगारी टोळ्यांचा इतिहास मांडणारं मॉब म्युझियम एल कोर्टेझपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, १९३३ च्या जुन्या पोस्ट आणि न्यायालयाच्या इमारतीत आहे. संघटित गुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटर केफॉवर यांच्या समितीनं १५ नोव्हेंबर १९५० ला ज्या दालनात सुनावणी घेतली, ते दालन दुसऱ्या मजल्यावर जसंच्या तसं मांडलंय. हॉटेलांमागचा पैसा कुठून आला हे इथे उलगडतं, म्हणून हे म्युझियम निऑनच्या आधी, सकाळी करावं. अडीच-तीन तास लागतात.

पैशांचं थोडं. खोलीच्या भाड्यावर रिसॉर्ट फी (हॉटेलची सक्तीची जादा रक्कम) आणि सुमारे १३ टक्के कर बसतो. मे २०२५ पासून अमेरिकेत हॉटेलांना फीसह रक्कम जाहिरातीतच दाखवावी लागते, तरी भरण्यापूर्वी शेवटची रक्कम बघा. स्ट्रिपवरची मोनोरेल डाउनटाउनला जात नाही. ड्यूस बस जाते आणि ती दिवसरात्र चालते, मात्र संध्याकाळी रहदारीत तासभरही लागू शकतो. एल कोर्टेझहून निऑन म्युझियम जेमतेम मैलभर आहे, पण मध्ये महामार्गाखालचा ओसाड टप्पा लागतो. अंधार पडल्यावर टॅक्सीच करा. जुगाराच्या भागात थांबायला २१ पूर्ण हवीत आणि ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट लागतो, फोनमधला फोटो चालत नाही. डाउनटाउनमधली काही हॉटेलं २१ खालच्यांना आतच घेत नाहीत. मुलं बरोबर असतील तर आरक्षणाआधी हा नियम विचारून घ्या आणि मुक्काम दुसरीकडे ठेवून दोन्ही म्युझियमं करा. ती मुलांना घेऊन बघता येतात.